वासाची वेळ

पहाटे ५.१५

चहाचं आधण ठेवायला शेगडीची खटकी फिरवावी आणि नेमका लायटरने दगा द्यावा, की नाकाला जो झटका बसतो तो माझ्या दिवसाचा पहिला नमुना. सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास जवळपास नसतोच. आपल्याला येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली बिनवासाचा नैसर्गिक वायू साचत गेला. कोणाला पत्ता लागला नाही, आणि स्फोटात तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यांतली बहुतेक मुलं. इंधनाच्या वायूला वास लावण्याचे कायदे त्यानंतर झाले. जपानमध्ये झालेल्या मोजणीप्रमाणे शंभर अब्ज भाग हवेत एक भाग इथाइल मरकॅप्टन असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. आमच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात महागडं यंत्र तिथवर थेट पोचत नाही. त्याला आधी नमुना गोळा करून, घट्ट करून द्यावा लागतो. नाक असलं काही मागत नाही.

माझं काम याच घराण्याशी. मिथाइल मरकॅप्टन, डायमिथाइल सल्फाइड, डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड: गंधक आणि कार्बन एकत्र असलेली, चटकन हवेत उडणारी संयुगं. आणि कार्बन नसला तरी कायम यांच्या संगतीत हिंडणारा हायड्रोजन सल्फाइड. पंचगंगेच्या काठाने ही कुठे, कधी आणि का तयार होतात ते बघायचं. घरी सांगताना मी ‘पाण्याच्या तपासणीचं काम’ एवढंच सांगते. वासाचं काम म्हटलं की लोक हसतात.

सकाळी ६.००, पंचगंगा घाट

गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी आलेल्या असतात. धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावून उभे राहिलेले लोक आमच्या गाडीतल्या बर्फाच्या पेटीकडे आइस्क्रीमवाल्याकडे बघावं तसे बघतात. पाच मिनिटांत घाट.

इथला नमुना तुलनेसाठी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोक जिला गुप्त मानतात ती सरस्वती, अशा पाच नद्या प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि तिथून पंचगंगा सुरू होते. शहराचं पाणी मिळण्याआधीची नदी कशी असते हे घाटावर कळतं. पोहणारे पोहत असतात, ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा वास असतो, बस्स. फेब्रुवारी अखेरची थंडी. पाण्यावर धुकं हातभर उंचीवर अडकून बसलेलं. त्या धुक्याचा पुढे संबंध आहे, म्हणून त्याची उंची मी वहीत लिहून ठेवते.

नमुना घ्यायची रीत साधी, पण माणसं चुकतात तिथेच. बाटली तपकिरी काचेची, कारण डायमिथाइल सल्फाइड उजेडात बिघडतो. ती पाण्याखाली नेऊन काठोकाठ भरायची आणि पाण्याखालीच बूच लावायचं. वर हवेचा बुडबुडा राहिला तर आपल्याला हवं ते सगळं पाण्यातून निघून त्या बुडबुड्यात जातं, आणि बूच उघडलं की उडून जातं. बाटली उलटी करून बघायची. मुगाएवढा बुडबुडा दिसला तरी ओतून टाकायची आणि परत भरायची. आमचा सहायक पोरगा नवीन होता तेव्हा यावरून कुरकुरायचा. आता तोच नव्या पोरांना ओरडतो.

सकाळी ६.४५, जयंती नाला

शहरातून येणारा जयंती नाला उपसा केंद्रावर अडवतात आणि पाणी कसबा बावड्याच्या केंद्राकडे पाठवतात. तिथली प्रक्रियेची क्षमता दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटरची. दुधाळीला दुसरं, लहान केंद्र आहे. उपसा नीट चालला की नदीला आराम. वीज गेली, पंप बंद पडला किंवा पाऊस झाला की नाला आपल्या जुन्या वाटेने नदीत.

इथे उभं राहिलं की पहिल्या मिनिटाला वास जातो डोक्यात, पाचव्या मिनिटाला कमी वाटतो, आणि दहाव्या मिनिटाला आपण गप्पा मारत असतो. वास तेवढाच असतो. नाक थकलेलं असतं. म्हणून नाकाने काय जाणवलं ते गाडीतून उतरल्या उतरल्या लिहायचं. नंतरच्या नोंदीला किंमत नाही.

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत हे थकणं जिवावर बेततं. दोन-अडीच अब्ज भाग हवेत एक भाग एवढा तो कळतो. पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास पोचला की वास घेणारी नसच बधिर होते. बंद चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला, हवा मोकळी झाली. तो तेव्हा सगळ्यात जास्त धोक्यात असतो. गटारात सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी घातली, तरी देशात कुठे ना कुठे चेंबरमधल्या मृत्यूची बातमी येतच राहते, आणि बहुतेकदा दुसरा माणूस पहिल्याला काढायला उतरलेला असतो. आमच्या कमरेला वायूमापक असतो. तो वाजला की नमुना राहिला तरी चालेल, मागे यायचं. यावर चर्चा नाही.

सकाळी ८.३०, शिरोळ तालुक्यातला एक बंधारा

सांगली रस्त्याने तासाभरात खाली. नदीवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकामागून एक बंधारे. मासे मेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात यांच्याच नावाने येतात, त्यात तेरवाडचं नाव जास्त. नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळण्याआधी नदीला जे काही सोसायचं ते या पट्ट्यात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणजे नदीत दगडी खांबांची रांग आणि खांबांच्या खाचांत बसवलेले बर्गे. पावसाळा सरला की बर्गे घालायचे, पाणी अडवायचं, आणि पुढच्या पावसाआधी काढायचे. या सोप्या युक्तीवर जिल्ह्यातला ऊस उभा आहे, तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण बर्गे पडले की वाहती नदी तळ्यांची माळ होते. वरून आलेलं मैलापाणी त्या तळ्यांत महिनोन्महिने थांबतं.

मी खांबाच्या आडोशाला बसते आणि ऑक्सिजनची बाटली भरते. तीनशे मिलिलिटरची, घासलेल्या काचेच्या बुचाची. आत मॅंगनीज सल्फेट, मग आयोडाइड असलेला अल्कली, बूच लावून उलटसुलट. पाण्यात ऑक्सिजन असला तर तपकिरी साका धरतो, जेवढा ऑक्सिजन जास्त तेवढा गडद. घाटावर सकाळी तो चांगला तपकिरी होता. इथे बाटलीत पांढरा साका, दह्याच्या निवळीसारखा, हळूहळू खाली बसतो. पांढरा म्हणजे शून्य. पुढची मोजणी करायची ती केवळ नोंदीसाठी.

मग गाळ. लांब दांड्याच्या खोऱ्याने तळातून काढला की डांबरासारखा काळा येतो. आपल्या तांबड्या मातीतलं लोह आणि पाण्यातला सल्फाइड यांनी मिळून केलेला तो काळा रंग, आयर्न सल्फाइड. चमचाभर गाळावर सौम्य आम्लाचे चार थेंब टाकले आणि वर शिशाच्या ॲसिटेटची कागदी पट्टी धरली, तर पट्टी बघता बघता तपकिरी होत काळी पडते. शाळेतली मुलं बरोबर असली की हा प्रयोग मी हटकून करते.

हे होतं कसं? पाण्यातल्या जिवाणूंना घाण खायला ऑक्सिजन लागतो. तो संपला की ते नायट्रेटवर भागवतात. तेही संपलं की सल्फेटवर येतात. सल्फेटला काय तोटा? मूत्रात आहे, धुण्याच्या पावडरीत आहे. जिवाणू सल्फेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि सल्फाइड टाकून देतात. इथवर पुस्तकात असतं. पंचगंगेची गंमत पुढे आहे, आणि तिचं नाव केंदाळ.

जलपर्णी, म्हणजे आपलं केंदाळ, बंधाऱ्याच्या तोंडाशी येऊन गच्च बसतं. खालचा थर मरतो, कुजतो. झाडांना ताठपणा देणारं जे लिग्निन, त्याच्या रेणूवर मिथॉक्सी गट लटकलेले असतात. काही जिवाणू त्यातला मिथाइल तोडून थेट सल्फाइडला चिकटवतात. हायड्रोजन सल्फाइडला एक मिथाइल मिळाला, झाला मिथाइल मरकॅप्टन. दुसरा मिळाला, झाला डायमिथाइल सल्फाइड. म्हणजे शहराने गंधक पुरवला आणि केंदाळाने कार्बन, आणि दोघांची गाठ बंधाऱ्यावर पडली. दुसरी वाट प्रथिनांची. मैल्यात आणि मेलेल्या प्राण्यात मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, ते मोडलं की सरळ मिथाइल मरकॅप्टनच निघतो. मासा मरतो तो ऑक्सिजनअभावी. त्याला वेळेवर उचललं नाही, तर पुढचे काही दिवस काठाला येणाऱ्या वासात त्याचा वाटा असतो.

केंदाळ काढा म्हणून मोर्चे निघतात, ते बरोबरच आहेत. पण काढलेलं केंदाळ काठावरच ढीग घालून ठेवतात, आणि ते तिथेच ओल्या ढिगात कुजतं. याला काय म्हणावं?

सकाळी ९.३०, तिथेच, वरच्या वस्तीत

वस्तीवरचे एक आजोबा आमची वाटच बघत असतात. हातात वही. चहा होईस्तोवर त्यांनी सुनावलंच:

“मॅडम, तुमी येतासा नवाला. त्ये सायब लोक येत्यात अकराला. वास सुटतोय रातच्याला दोन-तीनला. मग म्हनत्यात, आजोबा, कुटं हाय वास? आता माझ्या खिशात ठिवलाय व्हय मी?”

मला या माणसाचं म्हणणं दिवसभर पुरतं. कारण रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. दिवसा पाण्यावरचं हिरवं शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं. वरच्या वीतभर थरात तरी तो असतो, आणि खालून येणारा सल्फाइड तिथल्या तिथे जळून जातो. रात्री शेवाळाचं काम बंद, श्वास मात्र सगळ्यांचा चालू. ऑक्सिजन उतरत जातो, पहाटेला सगळ्यात कमी. मग सल्फाइड आणि मरकॅप्टन बिनअडथळा वर येतात. वर त्यांना भेटते थंड, जड, हलत नसलेली हवा. जमीन निवते, तिच्यालगतची हवा निवते, वर ऊबदार हवा. उभं मिसळणं थांबतं. सकाळी घाटावर हातभर धुकं दिसलं ते याच कारणाने. उन्हं चढली, अकरा वाजले, की हवा वरखाली होऊ लागते आणि तोच वायू शेकडो मीटर उंचीत विरून जातो. साहेब आले तेव्हा नदी तीच, घाण तीच, पण नाकापर्यंत काही पोचत नाही.

सूर्यप्रकाशात तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक हे रेणू मोडतात, हेही कारण काही जण सांगतात. ते खरं, पण त्याला काही तास लागतात. वस्ती नदीपासून दोन मिनिटांवर. एवढ्या अंतरात मोडण्याचा हिशेब धरायचं कारण नाही, मिसळण्याचा धरायचा.

याचा दुसरा अर्थ आजोबांना आवडत नाही, तरी सांगावा लागतो. रात्री वास आला म्हणजे रात्री कोणीतरी साखर कारखान्याची मळी सोडलीच, असं सिद्ध होत नाही. कोणी काही न सोडताही अशी नदी पहाटे वास मारेल. कधी कोणी सोडतही असेल. पण नुसत्या वेळेवरून चोर धरता येत नाही. आजोबा मान हलवतात, पटल्यासारखी नव्हे.

त्यांच्या वहीत मात्र जे आहे ते मला कुठल्याच दप्तरात मिळत नाही. वेळ, वारा कुठून, आणि वास कसला. ‘अंड्याचा’ लिहिलं की हायड्रोजन सल्फाइड. ‘सडक्या कोबीचा’ म्हणजे मरकॅप्टन. ‘लसणीवानी, गॅसवानी’ म्हणजे डायसल्फाइडकडे जा. ‘मळीचा’ हा शब्द सगळ्यात अवघड. त्यात आंबट, लोणी खवट झाल्यासारखा भाग असतो, तो ब्युटिरिक आम्लाचा, गंधकाचा त्यात संबंध नाही. हे शब्द आम्ही शिकवलेले नाहीत. आम्ही फक्त रकाने आखून दिले.

त्यांची सून दारातून विचारते, “पैंजण आठ दिसांत काळं पडत्यात, पानी लागतंय म्हून व्हय?”

पाण्याने नव्हे, हवेने. चांदीला हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बोनिल सल्फाइड लागले की तिच्या अंगावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळसर काळा. इथून थोड्या अंतरावरच हुपरी, चांदीच्या पैंजणांचं गाव. तिथून आणलेल्या चांदीच्या लहान पट्ट्या आम्ही काही घरांच्या वळचणीला टांगून ठेवल्या आहेत. महिनाभराने काढायच्या, थर किती जाड झाला ते मोजायचं. संगणकाच्या खोल्यांतली हवा धातूंना किती खाते ते तपासायला जगभर हीच रीत वापरतात, तांब्याची आणि चांदीची पट्टी, तीस दिवस. चांदी रात्री दोनलाही जागी असते, सुट्टीला जात नाही. ती बेरीज सांगते, वेळ सांगत नाही. वेळ आजोबांची वही सांगते. दोन्ही लागतात.

सकाळी ११.००, परतीच्या रस्त्यावर

रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. गाडीवरचे मामा वैतागतात, मी गंधकाचा हिशेब करत बसते. साखर पांढरी व्हावी म्हणून कारखान्यात गंधक जाळून त्याचा धूर रसातून सोडतात. गुऱ्हाळात गूळ उजळ दिसावा म्हणून काही जण ‘हायड्रोस’ टाकतात, तेही गंधकाचंच. कारखान्यातला काही गंधक मळीत उतरतो. मळीपासून अल्कोहोल काढताना मागे जे गडद पाणी उरतं, त्यात सल्फेट भरपूर. ते बंद टाकीत आंबवून बायोगॅस करायचा, तर वायूत हायड्रोजन सल्फाइड येतो आणि तो काढून टाकल्याशिवाय इंजिनं खराब होतात. आता बहुतेकांना हे पाणी आटवून जाळायची सक्ती आहे, बाहेर थेंब सोडायचा नाही. गंधक नाहीसा होत नसतो. पोत्यातून निघतो आणि धुरात, राखेत, पाण्यात नाहीतर गुळात सापडतो.

दुपारी १२.३०, प्रयोगशाळा

घाई आता. मिथाइल मरकॅप्टन बाटलीत फार वेळ शांत बसत नाही. पाण्यात लोहाचा किंवा तांब्याचा अंश असला आणि थोडा ऑक्सिजन शिरला, की दोन रेणू जोडीने एकत्र येऊन डायमिथाइल डायसल्फाइड होतात. मग यंत्र खरंच सांगतं की डायसल्फाइड जास्त आहे. फक्त तो नदीत नव्हता, आमच्या बाटलीत तयार झालेला असतो. म्हणून बर्फ, म्हणून काठोकाठ, आणि म्हणून मामांची ट्रॅक्टरवरची शिवीगाळ रास्त.

यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. बाटलीतल्या पाण्यातून वायू हुसकावून एका बारीक, मीटरच्या मीटर लांब वेटोळ्या नळीत सोडायचे. हलके लवकर बाहेर येतात, जड उशिरा. बाहेर हायड्रोजनची ज्योत. गंधकाचं संयुग ज्योतीत गेलं की गंधकाचे दोन अणू क्षणभर एकत्र येतात आणि निळसर जांभळा उजेड देतात. तो उजेड मोजायचा. कागदावर एकेक सुळका उठतो: पहिला हायड्रोजन सल्फाइड, मग मिथाइल मरकॅप्टन, मग डायमिथाइल सल्फाइड, आणि बराच वेळ शांतता गेल्यावर डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड. या ज्योतीची एक खोड आहे. गंधक दुप्पट झाला तर उजेड साधारण चौपट होतो. सुळका बघून घाबरायचं नाही, आधी वर्गमूळ काढायचं.

दुपारी २.००

डबा. वास ओळखायच्या गटात ज्यांची पाळी असते त्यांना कांदा-लसूण चटणी वर्ज्य. कोल्हापुरात हा नियम पाळून घेणं हे माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात कठीण काम. अख्ख्या लसणीला वास नसतो. पाकळी ठेचली की दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलेले पदार्थ एकत्र येतात, ॲलिसिन तयार होतो, त्यातून सल्फाइडांची रांग. त्यातला ॲलिल मिथाइल सल्फाइड रक्तात जातो आणि फुप्फुसांतून तासन्‌तास बाहेर येत राहतो. दात घासून काही होत नाही, दूध प्यायलं तर थोडा कमी होतो. काल रात्री तांबडा-पांढरा ओरपून आलेला माणूस सकाळी ‘मी काही खाल्लं नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्याआधी श्वास बोलतो.

गटाची चाचणी जपानी पद्धतीची. तीन पिशव्या, दोन शुद्ध हवेच्या, एकीत नमुना. वासाची पिशवी कोणती ते सांगायचं. ओळखली की आणखी पातळ करायचं, ओळखेनाशी होईपर्यंत. नाकाला मत विचारायचं नाही, फरक विचारायचा.

दुपारी ३.३०

अहवाल. छापील तक्ता समोर. सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (आपल्याकडे तीन दिवस, २७ अंश सेल्सियसला), सीओडी, घन पदार्थ. यांतल्या प्रत्येकाला रकाना आहे. मिथाइल मरकॅप्टनला नाही. हवेचंही तेच. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषकं आहेत. सल्फर डायऑक्साइड आहे, अमोनिया आहे, बेंझीन, शिसं, निकेल आहे. हायड्रोजन सल्फाइड नाही, मरकॅप्टन नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये दुर्गंधीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली, चांगली आहे. पण ती मार्गदर्शक आहे, तिने कोणाला दंड होत नाही. जपानने १९७१ सालीच दुर्गंधीचा वेगळा कायदा केला. त्याच्या यादीत आता बावीस पदार्थ आहेत, हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन, डायमिथाइल सल्फाइड आणि डायसल्फाइड धरून.

माझं मत विचाराल तर नवा रकाना मिळायला वर्षं लागतील, तोवर जुन्या तक्त्यात ‘वेळ’ हा रकाना मोठा करावा. एकच नदी, एकच ठिकाण. पहाटे चार आणि सकाळी अकरा, असे दोन नमुने सक्तीचे करावेत. त्याला ना नवा कायदा लागतो ना नवं यंत्र. लागतो तो चारला उठणारा माणूस, आणि त्याला रात्रभत्ता. आज मी आकडे ‘शेरा’ या कोपऱ्यातल्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिते. अक्षर इतकं बारीक झालंय की मलाच चष्मा लागतो.

संध्याकाळी ५.४५, रंकाळा

नमुना घ्यायचा एवढंच निमित्त, खरं तर भेळ. संध्यामठाच्या बाजूला पाणी कमी हलतं. निळी-हिरवी शैवालं फोफावली की तिथे हिरवी साय धरते. जिवंत असेपर्यंत गवताचा वास, मेली की सडक्या कोबीचा.

चीनमध्ये ताईहू नावाचं प्रचंड सरोवर आहे. २००७ च्या मे महिन्याच्या शेवटी त्याच्या काठच्या वूशी शहरात नळाला असह्य वासाचं पाणी आलं. वीसेक लाख लोकांचं पिण्याचं पाणी बंद झालं, दुकानांतल्या बाटल्या संपल्या. आधी सगळ्यांचा संशय शैवालांच्या विषावर आणि शैवालाच्या नेहमीच्या मातकट वासाच्या रसायनांवर गेला. तपासात मुख्य निघाला तो डायमिथाइल ट्रायसल्फाइड. शैवालांचा मेलेला थर पाणी उपसायच्या तोंडाशी साचून ऑक्सिजनशिवाय कुजला होता. तिथे केंदाळाऐवजी शैवाल, एवढाच फरक. सुरणाचं फूल माश्यांना बोलवायला हाच वास सोडतं. माश्यांना तो आवडतो म्हणून माणसाने तक्रार करायची नाही असं नाही.

भेळवाल्यापाशी पश्चिमेचा वारा लागतो. सह्याद्रीपलीकडे समुद्र. तिथे हेच डायमिथाइल सल्फाइड सूक्ष्म शैवालांमुळे इतकं तयार होतं की जगातल्या महासागरांतून वर्षाला अडीच-पावणेतीन कोटी टन गंधक त्या रूपाने हवेत जातो. हवेत तो सल्फेटच्या कणांत बदलतो आणि त्या कणांवर ढगांचे थेंब धरतात. समुद्राचा म्हणून जो वास आपल्याला प्रसन्न वाटतो, त्यात याचा वाटा मोठा. १९८७ साली चार्ल्सन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन या चौघांनी मांडलं की शैवालं अशा रीतीने हवामानाला आवर घालत असतील. तो दावा पुढे पुरता टिकला नाही, पण समुद्राच्या वासाचा आणि ढगांचा संबंध आहे यावर दुमत राहिलं नाही. बंधाऱ्यावर नको असलेला रेणू समुद्रावर हवाहवासा. प्रमाणाचा आणि सोबतीचा प्रश्न.

रात्री ८.००

दूध तापवताना पातेल्यावर वाकू नये असं आई म्हणायची. मी वाकते. सत्तरेक अंशांच्या पुढे दुधातल्या एका प्रथिनाची घडी उलगडते, आत लपलेला गंधक उघडा पडतो आणि ‘तापलेल्या दुधाचा’ म्हणून ओळखीचा तो वास येतो. हायड्रोजन सल्फाइडच, अगदी पुसट.

रात्री १०.४०

फोन आजोबांचा. “मॅडम, सुटला बगा. आज लौकर.”

कोणता?

“कोबीचा. आन् मागनं गॅसवानी.”

वारा?

“वारा न्हाईच. पान हालंना.”

मी सांगते: सकाळी ठेवलेल्या तपकिरी बाटल्यांपैकी दोन घ्या. नातवाला बरोबर न्या, एकट्याने पाण्याजवळ जायचं नाही. पायऱ्यांवरून, बॅटरी लावून. बाटली पाण्याखाली धरून भरा, बूच खालीच लावा, वर काढून उलटी करून बघा. बुडबुडा दिसला तर ओता आणि परत भरा. मग बर्फाच्या पेटीत. आणि वेळ लिहा, बाटलीवर आणि वहीतही.

“वेळ लिवलीया की,” ते म्हणतात. “आदी वेळच लिवली. मग फोन लावला.”